बंद कोठारातले एकतीस घोडे

शुक्रवार, १९ मार्च १९०९. संत जोसेफचा सण

आज आन्सेल्मने माझा बटाट्यांचा काटा नेला. "आत्ता आणून देतो," म्हणाला. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याचं 'आत्ता' मला ठाऊक आहे, म्हणून मीही मागोमाग गेले.

अंगणापलीकडचं कोठार शेजारच्या पेलो मावशीचं. गुरं विकल्यापासून रिकामं पडलं होतं, ते तिने आम्हाला वापरायला दिलं. बदल्यात तिचं रोजचं सूप माझ्याकडून. तिथे आन्सेल्मने हिवाळाभर खपून केलेलं इंजिन लाकडी चौकटीवर बसवलं आहे. माझ्या चुलीहूनही लहान. मळणीयंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाने उडायच्या यंत्राच्या भानगडीत का पडावं, हे मला अजून कळलेलं नाही. पण संत जोसेफही हातानेच काम करत, तेव्हा आजच्या दिवशी तरी मी बोलले नाही.

इंजिनाच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडाचे जबडे आवळलेले, जबड्यांना एक लांब दांडी, आणि दांडीचं टोक माझ्या काट्यावर. चाक फिरू बघतं, जबडे त्याला धरून ठेवतात. धरायला किती जोर लागतो ते काटा सांगतो. आन्सेल्मने इंजिन सुरू केलं आणि मी कान झाकून घेतले. क्षणात लाकडातून धूर निघायला लागला.

"वहिनी, पाणी! पेटतंय!" फर्मिन ओरडला. हा माझा धाकटा दीर. सायकलच्या शर्यती सोडून आता हेच यंत्र उडवणार म्हणून आमच्याकडे राहायला आला आहे.

फरशी पुसायला राखून ठेवलेलं कपड्यांचं साबणपाणी मी सगळं त्या जबड्यांवर ओतलं. धूर, वाफ, फेस, काही दिसेना. त्यातच आन्सेल्म काट्यावर ओणवा होऊन आकडा वाचत होता. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मी गणितात जिल्ह्यात पहिली आले होते, म्हणून हिशेब माझ्याकडे. केला. चोवीस घोड्यांची ताकद.

पुन्हा केला. चोवीसच.

माझे वडील दगडखाणीतून चार घोड्यांची गाडी हाकत. चढावर ते चार घोडे फेसाळायचे आणि वडील त्यांच्या कानात देवाचं नाव घ्यायचे. तसे चोवीस त्या चुलीएवढ्या लोखंडात. आणि ते तोलले कशावर, तर सकाळी बटाटे तोलले त्याच काट्यावर.

काट्याला धुराचा वास बसला आहे. दोनदा राखेने घासला.

सोमवार, २९ मार्च

पंखांचं कापड शिवते आहे. टाके जवळ जवळ हवेत, हवा शिरता कामा नये, असं आन्सेल्मचं म्हणणं. मी म्हटलं, "माझ्या शिवणीतून आजवर थंडी शिरली नाही, हवा काय शिरेल!" उरलेल्या पट्ट्या जपून ठेवल्या, उशीचे अभ्रे होतील. प्रत्येक वितीला एक 'नमो मारिये' म्हणते. फर्मिन विचारतो, "वहिनी, डाव्या पंखाला जास्त प्रार्थना झाल्या तर मी तिरका जाणार नाही ना?" त्याला सुईने टोचलं.

मंगळवार, २० एप्रिल

ईस्टर झाला. चर्चमध्ये धन्य जानची, चिलखत घालून लढलेल्या त्या शेतकऱ्याच्या पोरीची, नवी तसबीर लागली. मी तिच्यापुढे मेणबत्त्यांची उरलेली टोकं एकत्र वितळवून केलेली मेणबत्ती लावली. तिची काही हरकत नसावी, तीही खेड्यातलीच.

लाकडाचे जबडे दर वेळी जळतात म्हणून आन्सेल्मने पॅरिसहून फिरकी मागवली आहे. एक आडवी लोखंडी दांडी, दोन टोकांना दोन चौकोनी पत्रे. इंजिन ती फिरवतं, पत्रे हवेला थपडा मारत जातात आणि हवा त्यांना अडवते. मिनिटाला फेऱ्या किती हे कळलं की सोबतच्या कोष्टकावरून ताकद काढायची. फेऱ्या दुप्पट, तर ताकद आठपट. मला वाटलं मीच चुकीचं वाचलं. पण तसंच आहे.

आजवर मी हवेला 'काही नाही' समजत आले. बरणी रिकामी म्हणजे तिच्यात हवा. आणि ही 'काही नाही' चोवीस घोड्यांना रोखून धरते! देवाने आपल्याभोवती केवढं काय भरून ठेवलं आहे आणि आपण त्यातून भाजीची टोपली घेऊन चालत असतो.

पेलो मावशी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारपासून छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली आहे. इंजिनाच्या आवाजाने तिच्या फळीवरच्या औषधाच्या बाटल्या किणकिणतात. मी म्हटलं, "दोन्ही दारं लावून घ्या. आजाऱ्याचा काही विचार?" धुराची नळी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढली आणि दारं लावली.

आत काय वादळ! कैक वर्षांचा भुसा छपरापर्यंत उडाला आणि कोठारभर गोल गोल फिरू लागला. माझा डोक्याचा रुमाल सुटला तो त्या फेऱ्यात गेला. मी घड्याळ धरलं, फर्मिनने फेऱ्या मोजायचं यंत्र इंजिनाच्या फिरत्या दांड्याला टेकवलं.

बाराशे.

हिशेब केला: एकतीस घोडे. आन्सेल्मचा विश्वास बसेना, पुन्हा मोजलं, तेच. मागच्या महिन्यात त्याने नव्या झडपा बसवल्या, त्यांचा हा गुण म्हणाला. मग त्याने मला उचलून एक गिरकी घेतली. आमच्या लग्नातही त्याने असं केलं नव्हतं.

शनिवार, २४ एप्रिल

फर्मिनने कॅफेत जाहीर करून टाकलं. सेंट जॉनच्या दिवशी, २४ जूनला, तो आमच्या कुरणातून उडणार, पॉपलरच्या झाडांच्या रांगेवरून जाणार, व्हिएन नदी ओलांडून पलीकडे उतरणार. नदीपलीकडच्या गावचा कोणीसा म्हणाला, "टोपी घरी ठेवून ये, बाकीचा तू आम्ही गळाने काढू."

मी आन्सेल्मला म्हटलं, "झाडं फार उंच आहेत रे."

"चोवीसमध्ये जमलं नसतं. एकतीसमध्ये आरामात."

मंगळवार, १८ मे

आज शेतांच्या आशीर्वादाची मिरवणूक कुरणावरून गेली. यंत्र झाडाखाली उभं होतं, पंख लावलेलं, इंजिन अजून बसवायचं आहे. फर्मिन टोपी काढून फादर मोरिनोंच्या पुढे झाला. "फादर, यावरही चार थेंब?"

"हे पाणी गव्हासाठी आणि द्राक्षांसाठी आहे, बाळा. जमिनीत मुळं असलेल्या गोष्टींसाठी."

"म्हणूनच म्हणतो. याला मुळं नाहीत, याला जास्त गरज."

लोक हसले. फादरही हसले आणि त्यांनी शिंपडलं. पण मी पाहिलं, यंत्रावर दोनच थेंब पडले, बाकीचे सगळे फर्मिनवर.

बुधवार, २ जून

मावशी खंगत चालली. सूप चार चमचे जातं. आज म्हणाली, "ऑनरीन, खरंच एकतीस घोडे आहेत का गं त्यात?"

"आकडा तर तसा आहे, मावशी."

"मग शेण कुठाय? मला बागेला हवं होतं."

हसताना तिला खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, आन्सेल्मला सांगते, तू बरी होईपर्यंत इंजिन बंद ठेवायला. तर माझ्यावर डोळे वटारले. "चालू दे की. शांतता मला पुढे भरपूर मिळणार आहे."

बुधवार, ९ जून

पेलो मावशी गेली. देव तिला आपल्यापाशी घेवो.

दुपारची वेळ. फादर तिच्या कपाळाला शेवटचं पवित्र तेल लावून नुकतेच गेले होते. पलीकडे आन्सेल्म इंजिन यंत्रात बसवण्याआधी शेवटचं चालवून पाहत होता. दारं लावलेली, तरी घरघर ऐकू येत होती. मावशीचा हात माझ्या हातात होता. तो जड झाला एवढंच. मी तिचे डोळे मिटवले, घड्याळ थांबवलं, आरशावर कापड टाकलं. मग खिडक्या, दारं, माडीचा झरोका, सगळं उघडलं. आत्मा निघाला की त्याला वाट हवी. एक जरी दार लावलेलं राहिलं तर तो तिथे अडकतो. आणि कोठारही तिचंच ना. तीस वर्षं ती तिथेच दूध काढायची.

मी धावत अंगण ओलांडलं आणि कोठाराची दोन्ही दारं ओढून उघडली.

आतून वारा माझ्या तोंडावर आला आणि त्याच्याबरोबर सगळा भुसा, उन्हात सोन्यासारखा, माझ्या दोन्ही बाजूंनी बाहेर वाहत गेला. आणि इंजिनाचा आवाज बदलला. उतरला. एखाद्या धावत्या जनावराच्या मानेवर ओळखीचा हात पडावा तसा खाली आला. मी तिथेच गुडघे टेकले. मला कळलं की ती माझ्याजवळून गेली.

"दार लाव!" आन्सेल्म ओरडला.

"ती गेली, आन्सेल्म."

त्याने टोपी काढली, क्रूसाची खूण केली. पण त्याचा कान इंजिनाकडेच होता. तो उठला, माझ्यापाशी आला आणि दारं लावून घेतली. आवाज चढला. त्याने दारं उघडली; आवाज उतरला. पुन्हा लावली, पुन्हा उघडली. मला भयंकर राग आला. अंगणापलीकडे बाई गार होत पडली आहे आणि हा दाराशी खेळतो आहे.

मी त्याला तसं बोलले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

शुक्रवार, ११ जून

मावशीला माती दिली. परतल्यावर आन्सेल्म सूप ढवळत बसला, खाईना. मग म्हणाला, "इकडे ये. चमचा धर. फिरव."

मी फिरवला.

"जड जातोय?"

"सुरुवातीला जरा गेला."

"आता?"

सूप चमच्याबरोबर फिरायला लागलं होतं. चमचा आपोआप चालला होता.

"कोठारातली हवा," तो म्हणाला. "दारं लावली की ती फिरकीबरोबरच गरगरते. पत्र्यांना अडवायला काही उरत नाही. इंजिन हलकं होऊन पळतं, आपण फेऱ्या मोजतो आणि खूश होतो. दारं उघडली की बाहेरची हवा आत येते, तिला फिरवायला खरा जोर लागतो. मग फेऱ्या अकराशे."

मी मनात हिशेब केला. चोवीस.

"आणि झाडं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "सूप निवतंय."

त्याचं बरोबर असेल. पण आवाज नेमका त्याच क्षणी का उतरला याचं उत्तर त्याच्या सूपात नाही.

रविवार, १३ जून

फर्मिन जेवताना सांगत होता की पलीकडच्या काठावर लोक बाकं मांडणार आहेत, बँडही येणार आहे. आन्सेल्म म्हणाला, "हं."

मी थांबले. त्याने मीठ मागितलं.

फर्मिन गेल्यावर मी विचारलं, "तू त्याला सांगितलं नाहीस?"

"बुधवारचं पेट्रोल हलकं असेल. नीट मोजल्याशिवाय काय सांगू?"

"मग मोज. दार उघडं ठेवून."

"मोजेन."

बाजारात पोरं त्याला 'एकतीसवाले' म्हणून हाक मारतात. तो मान वळवून बघतो आणि त्याला ते आवडतं, हे मी पाहिलं आहे. देवा, माझ्या नवऱ्याविषयी मी हे लिहिते आहे. पण खोटं लिहून काय करू? तो वाईट नाही. तो उद्या सांगेल, असं त्याला रोज वाटतं. आणि यंत्रात तो बसणार नाही, फर्मिन बसणार आहे.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर फादरना गाठलं. नवऱ्याचं गुपित बायकोने फोडावं का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "गुपित कोणाच्या जिवावर बेतणारं आहे का?"

"हो."

"मग तुला माझी परवानगी कशाला हवी?" आणि मेणबत्त्या विझवायला गेले.

मंगळवार, १५ जून

मी गुपित फोडलं नाही. फर्मिनला एवढंच म्हटलं, "आज आन्सेल्म इंजिन लावेल तेव्हा कोठाराचं दार धरायला ये."

"त्याला मी कशाला? खुंटी आहे की."

"खुंटीला कान नसतात."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि थट्टा केली नाही.

आन्सेल्मने त्याला दाराशी पाहिलं. मला वाटलं, आता इंजिन लावणारच नाही. पण त्याने लावलं. फिरकी घुमू लागली, भुसा उठला, आवाज चढत चढत गेला. मी फर्मिनला खूण केली. त्याने दार उघडलं.

आवाज उतरला.

त्याने लावलं, चढला. पुन्हा उघडलं. मग तो मोठ्याने हसला. "दादा! अरे, दार उघडलं की सात घोडे पळतायत!"

आन्सेल्म हसला नाही. फर्मिनचं हसू हळूहळू गेलं. त्याने दार धरूनच विचारलं, "आणि तिकडे झाडांपाशी माझ्यासाठी दार कोण लावणार होतं?"

आन्सेल्मने इंजिन बंद केलं. भुसा खाली बसत होता, आमच्या खांद्यांवर, केसांवर.

"सांगणार होतो," आन्सेल्म म्हणाला.

"कधी?"

"रोज."

फर्मिन निघून गेला. आन्सेल्मने माझ्याकडे बघितलंही नाही. हात धुतले, रविवारचा कोट चढवला आणि कॅफेत गेला. तिथलं मला नंतर फर्मिनकडूनच कळलं. आन्सेल्म मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "एकतीस नाहीत. चोवीस आहेत. बंद जागेत मोजलं, चूक माझी. नदी ओलांडायची नाही."

कोपऱ्यातून कोणी विचारलं, "उरलेले सात कुठे चरायला सोडलेत, मास्तर?" अख्खा कॅफे हसला.

"मग?" मी फर्मिनला विचारलं.

"मग काय. तो बसला. पेला संपेपर्यंत बसला. मी जाऊन शेजारी बसलो."

शनिवार, १९ जून

आता प्रश्न नदीचा नाही. चोवीसमध्ये ते जमिनीवरून उठेल तरी का, हा आहे. सगळं वजन एकतीस धरून जमवलं होतं.

पेट्रोलची दुसरी टाकी काढली. बसायची खुर्ची काढून सायकलीची बैठक लावली. लोखंडी खिळे जिथे चालतील तिथे काढून दोरी बांधली. फर्मिन भाकरीला हात लावत नाही, रश्श्यावर आहे. बूट घालून बसणार नाही म्हणतो. कारण काही का असेना, उपास तो उपास. मी तो त्याच्या नावाने देवाच्या पायाशी ठेवला.

दोघे भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलतात. पण आज फर्मिनने विचारलं, "उठेल?"

आन्सेल्म म्हणाला, "कोष्टक म्हणतं, कदाचित."

"कोष्टकात 'कदाचित' असतं?"

"माझ्या असतं. आजपासून."

आणि फर्मिनने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

मी दोघांना सांगितलं, बघ्यांच्या गर्दीसाठी सेंट जॉनपर्यंत थांबायचं नाही. लोक जमले की पुन्हा कोणाला तरी मोठेपणा सुचेल. दोघांनी खाली बघून मान हलवली.

मंगळवार, २२ जून

हे मला आजच लिहायला हवं. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पहाटे वाऱ्याची झुळूकही नव्हती. कुरणावर दंव पडलेलं, सगळं पांढुरकं. आम्ही तिघं, आणि सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला निघालेले फादर मोरिनो कुंपणापाशी थांबलेले. फर्मिन अनवाणी, आत बसण्याआधी माझ्यापाशी आला आणि मान वाकवली. मी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. कपाळ थंडगार होतं.

"वहिनी, मधोमध काढलास ना?"

"मधोमध. सरळ जा."

आन्सेल्मने इंजिनाचा पंखा हाताने फिरवला. इंजिन उघड्या आभाळाखाली बोललं. किती लहान वाटलं ते! यंत्र निघालं, खड्ड्यांतून उसळत, जड बदकासारखं. अर्धं कुरण संपलं. आन्सेल्मचे ओठ हलत होते. प्रार्थना असेल म्हणून मी कान दिला, तर तो म्हणत होता, "दार उघडंच आहे, दार उघडंच आहे, आता काय ते खरं."

मग उसळणं थांबलं.

एवढंच झालं. कसला गडगडाट नाही, काही नाही. चाकांचा खडखडाट थांबला आणि इंजिनाचा आवाज एकटा राहिला. चाकं अजून फिरत होती, पण कशावरही नाही. त्यांच्याखालून मला पलीकडचं कुंपण दिसलं, आणि कुंपणापलीकडची गाय. माझ्या आयुष्यात जड वस्तू खाली पडलेल्या मी पाहिल्या आहेत, भांडी, धोंडे, माणसं. ही पडली नाही. फादरनी टोपी काढून छातीशी धरली, जशी ते प्रसाद वर उचलताना इतरांना काढायला लावतात.

उंची फार नव्हती. गवताच्या गंजीवरून जेमतेम गेलं असतं. पुढे पॉपलर उभे होते, काळे, त्याच्या कितीतरी वर. तो त्यांच्या बुंध्यांपाशी पोचला असता, शेंड्यांपाशी नाही. हे खाली उभ्या आम्हा तिघांनाही एकदमच दिसलं असावं, कारण आन्सेल्मने माझं मनगट असं आवळलं की अजून लाल आहे. पण फर्मिनने आवाज कमी केला आणि यंत्र हळूच खाली आलं, एकदा उसळलं, थांबलं.

आम्ही धावलो. फर्मिन पंखांखाली गवतात उताणा पडला होता. मी किंचाळले, तर तो हसत होता आणि रडत होता, दोन्ही. आन्सेल्म त्याच्याशेजारी बसला.

परत येताना आन्सेल्मने खिशातून मोजपट्टी काढली, आणि तेव्हा आम्ही ते पाहिलं. दंवावरून चाकांच्या दोन काळ्या रेघा सरळ येत होत्या आणि मध्येच संपत होत्या. पुढे नुसतं गवत. दंव जसंच्या तसं, कोळ्यांची जाळीसुद्धा न मोडलेली, थेंबांनी भरलेली. मग बऱ्याच अंतरावर त्या दोन रेघा पुन्हा सुरू होत होत्या.

"मोज की, दादा," फर्मिन हळूच म्हणाला.

आन्सेल्म पट्टी घेऊन रेघा संपतात तिथे उभा राहिला. पाऊल उचललं, आणि परत मागे घेतलं. मागून फादर आले, तेही कडेलाच थांबले.

"राहू दे," आन्सेल्म म्हणाला, आणि पट्टी गुंडाळून खिशात ठेवली.

ऊन वर येईपर्यंत आम्ही चौघं तसेच उभे होतो. मग मधलं ते गवतही बाकीच्या गवतासारखं झालं.